पोटमाळ्यावरचा दिवा

माझा भाऊ ऑब्रे पेनफोल्ड याच्या नावावर तीसेक कादंबऱ्या आहेत. त्या सगळ्या मीच टाइप केल्या, तरी आज त्यांतल्या निम्म्यांची नावंही मला सांगता येणार नाहीत. खून, चोरीला गेलेली रत्नं, धुक्यात गायब झालेले वारस, असा सगळा मामला. आधी एका साप्ताहिकात क्रमशः यायच्या, मग स्वस्त आवृत्ती निघायची. लोक त्या स्टेशनवरच्या स्टॉलवरून उचलायचे आणि प्रवास संपला की डब्यातच टाकून उतरायचे. ऑब्रेला त्याचं वाईट वाटत नसे. डब्यात राहिलेलं पुस्तक दुसरा कोणीतरी वाचतो, असं तो म्हणायचा.

एक कादंबरी मात्र लोकांनी डब्यात टाकली नाही. घरी नेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिली. आमच्या ऑर्फ्लीटमध्ये तिला कोणी नावाने ओळखत नसे. सगळे ‘बेकरवाली’ म्हणायचे.

ऑर्फ्लीट हे इंग्लंडच्या पूर्वेला, सफोकच्या किनाऱ्यावरचं लहानसं गाव. ऑब्रेची छाती लहानपणापासून नाजूक. लंडनमधली बँकेतली नोकरी सोडून तो समुद्राच्या हवेसाठी तिथे आला, आणि आमचे आईवडील गेल्यावर मीही त्याचं घर सांभाळायला आले. दोघांचीही लग्नं झाली नव्हती, पुढेही झाली नाहीत. सकाळी तो लिहायचा, दुपारी मी टाइप करायची, संध्याकाळी आम्ही बंदरापर्यंत फिरून यायचो. वाटेत कोनराड लाउटरबाखची बेकरी लागायची.

लाउटरबाख तरुणपणी जर्मनीतून आला आणि ऑर्फ्लीटचाच झाला. बायको नेल इथलीच, स्माय घराण्यातली. तिचे वडील, चुलते, आजे सगळे हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींवरचे. नेलकडून तो इंग्रजी शिकला, त्यामुळे बोलायचा ती खास सफोकची बोली, पण जर्मन वळणाने. ऐकून नवखा माणूस चक्रावून जायचा. रविवारी चर्चला जाताना अर्धं गाव आपापली मांसाची थाळी त्याच्या भट्टीत ठेवून जायचं आणि प्रार्थना आटोपली की भाजलेली थाळी फडक्यात गुंडाळून घरी न्यायचं. नागरिकत्वाचे कागद त्याने कधी केलेच नाहीत. अख्ख्या गावाचं रविवारचं जेवण माझ्या हातात आहे, आता आणखी कसला कागद हवा, असं तो विचारायचा.

त्या काळात जर्मनीची धास्ती वाढत चालली होती. त्यांचं आरमार, त्यांची हवाई जहाजं, त्यांचे हेर, यांवर रोज कोणी ना कोणी लिहीत असे. एकदा आमच्या साप्ताहिकाचे संपादक स्टोबार्ट चहाला आले. मोठा हुशार माणूस, बोलायला गोड. त्यांना जर्मन स्वारीची कादंबरी हवी होती, पण सेनापती आणि मंत्र्यांची नको. वाचणाऱ्याला आपल्या गल्लीत ओळखू येईल असं माणूस हवं, असं ते म्हणाले. बोलता बोलता त्यांनी पावाची आणखी एक फोड घेतली आणि पाव फार सुरेख आहे, कुणाचा, असं मला विचारलं. इथल्या एका जर्मन बेकरचा, असं मी सांगितलं. स्टोबार्टनी लोण्याची सुरी खाली ठेवली.

“पेनफोल्ड,” ते म्हणाले, “मग तुम्हाला आणखी काय पाहिजे?”

ऑब्रेने चोरून काही केलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो मला घेऊन बेकरीत गेला आणि सरळ म्हणाला, “मला तुम्हाला हेर करायचंय. म्हणजे कादंबरीत.”

लाउटरबाख कणीक मळत होता. त्याने मान वर केली. “मला? मिस्टर पेनफोल्ड, मला नेलपासून साखरेचा डबा लपवता येत नाही. मी काय आरमार लपवणार?”

“त्याला दाढी द्या हो,” नेल काउंटरमागून म्हणाली. “इतकी वर्षं मागे लागलेय, वाढवत नाही. पुस्तकात तरी दिसू दे.”

ऑब्रेने दाढी दिली नाही. बाकी सगळं घेतलं. दिवस उजाडायच्या आत तो बेकरीत जाऊन बसायचा आणि लाउटरबाख त्याला हौसेने सगळं दाखवायचा: भट्टी कशी पेटवायची, हात आत घालून आच कशी जोखायची, पिठाची पोती पोटमाळ्यावर कशी चढवायची. लाउटरबाखच्या डाव्या कोपराखाली भाजल्याचा एक लांब डाग होता. तोही कादंबरीत गेला. कादंबरीतला बेकर हसरा, उदार, मुलांच्या हातावर गोड बन ठेवणारा. पहाटे गाव झोपलेलं असताना तो पोटमाळ्याच्या खिडकीत दिवा धरतो आणि समुद्रातल्या जहाजांना खुणा करतो. शेवटी किनाऱ्यावरचा एक पहारेकरी त्याला पकडतो, पण तोवर अर्धं गाव जळालेलं असतं.

कादंबरी तुफान खपली. लाउटरबाखने ती कणीक मळता मळता नेलकडून वाचून घेतली आणि आमच्याकडे तक्रार केली. “हेर चांगला असेल तुमचा, पण बेकर भिकार आहे. अर्ध्या तासात फुगलेली कणीक कोण खाणार? अशा माणसाला तर पावासाठीच फाशी द्यायला हवी.”

उन्हाळ्यात हवापालटाला येणारी मंडळी ‘ती’ बेकरी कुठली म्हणून विचारू लागली. लाउटरबाखला त्याची भारी गंमत वाटली. त्याने एक जुना जहाजी कंदील पोटमाळ्याच्या खिडकीत टांगला आणि पाहुण्यांना शिडीवरून वर नेऊन तो दाखवू लागला. खाली उतरताना प्रत्येक जण काही ना काही विकत घ्यायचा. ऑब्रे तिथे असला की लाउटरबाख त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, हा माझा साहेब, बर्लिनहून याच्यामार्फत हुकूम येतात. सगळे हसायचे. आम्हीही.

मग एकोणीसशे चौदा उजाडलं आणि जर्मनीशी लढाई जुंपली.

सुरुवातीला फारसं काही घडलं नाही. किनाऱ्यावर जर्मन माणसाला राहायला खास परवाना लागे. तो लाउटरबाखला मिळाला, कारण गावाबाहेर तळ ठोकलेल्या पलटणीला पाव तोच पुरवत होता. पण रविवारच्या थाळ्या कमी होत गेल्या. आधी पाद्र्याच्या घरची बंद झाली, मग डॉक्टरच्या घरची. घरची चूल दुरुस्त करून घेतली, एवढंच लोक म्हणायचे. हेरिंगच्या बोटी आरमाराने समुद्रातले सुरुंग काढायच्या कामाला लावल्या आणि त्यांतल्या काही परत आल्या नाहीत. थर्टलबाईचा मुलगा वॉल्टर अशाच एका बोटीबरोबर बुडाला. थर्टलबाई विधवा, कोळणींमध्ये सगळ्यांत मोठ्या मनाची बाई. मी आजारी असताना तिने मला आठवडाभर रस्सा करून पाठवला होता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात जर्मनांनी एक मोठं प्रवासी जहाज बुडवलं. बायका, तान्ही मुलं, शेकड्यांनी माणसं गेली. ठिकठिकाणी जर्मनांची दुकानं फुटल्याच्या बातम्या आल्या. ऑर्फ्लीटमध्ये असं काही होईल असं मला वाटलं नाही.

संध्याकाळचा चहा चालला होता, बाहेर लख्ख उजेड होता. काचा फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माणसांचा. ऑब्रे तसाच उठून निघाला. टोपी न घालता त्याला घराबाहेर पडताना मी त्या एकाच वेळी पाहिलं. मीही मागोमाग धावले.

बेकरीसमोर शंभरएक माणसं असतील, बहुतेक बायका. पोती फाडून पीठ रस्त्यावर ओतलं होतं; रस्ता पांढरा झाला होता आणि त्यावर सगळ्यांच्या पावलांचे ठसे उमटले होते. लाउटरबाख आणि नेल मागच्या अंगणात भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांच्यापुढे हवालदार गूच हात पसरून उभा होता. एकटाच होता बिचारा, पण जागचा हलला नाही. काही पुरुष शिडीवरून पोटमाळ्यावर चढले होते. काय शोधायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक जण कंदील घेऊन खाली आला आणि त्याने तो उंच धरला. एकदम सगळं शांत झालं. तो कंदील त्यांतल्या प्रत्येकाने आधी पाहिला होता, त्यावर विनोदही केले होते. तरी त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच पाहावा तसे सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

ऑब्रे पावाच्या हातगाडीवर चढला. त्याला धाप लागली होती.

“तो कंदील पाहुण्यांसाठी टांगलाय,” तो म्हणाला. “गंमत म्हणून. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माझं पुस्तक खोटं आहे. घरात बसून रचलंय मी ते. या माणसाने कधीच काही केलेलं नाही.”

थर्टलबाई पुढे आली आणि तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

“असं बोलायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणीही नाही.”

“वरून हुकूम आला असेल. आम्हाला कळतं हो सगळं. तुम्ही एवढं आधी बजावून सांगितलंत, कोणी ऐकलं नाही. आता तुमचं तोंड बंद करतायत.”

“बाई, मी शपथेवर सांगतो...”

“माझ्या वॉल्टरने दोनदा वाचलं होतं तुमचं पुस्तक,” ती म्हणाली. “बोटीवर घेऊन गेला होता.”

ती हे मायेने बोलत होती. त्या बाईला काय सांगायचं? तुझ्या मुलाने शेवटी वाचलं ती सगळी थाप होती? ऑब्रे गाडीवर तसाच उभा राहिला. मग मागून कोणीतरी ‘पेनफोल्डसाहेबांचा विजय असो’ म्हणून ओरडलं आणि सगळ्या गर्दीने माझ्या भावाचा तीनदा जयजयकार केला. तो संपल्यावर त्यांनी कंदील दगडावर आपटून फोडला आणि उरलेलं दुकान फोडायला आत शिरले.

काळोख पडायच्या आत आम्ही त्या दोघांना आमच्या घरी आणलं. नेल स्वयंपाकघरात बसून शालीत अडकलेल्या काचा एकेक करून वेचत होती. लाउटरबाखने पाणी मागितलं, हात धुतले, पुसले आणि खिडकीशी जाऊन बसला. ऑब्रे त्याच खोलीत होता. लाउटरबाख रस्त्याकडे बघत राहिला. मी जेवण वाढलं, पण पाव टेबलावर ठेवायचा धीर होईना.

सकाळी गूच आला आणि लाउटरबाखला घेऊन गेला. त्याच्याच सुरक्षिततेसाठी, असं सांगण्यात आलं. त्याला आयर्लंडच्या समुद्रातल्या एका बेटावर तारेच्या कुंपणात ठेवलं. त्याच्यासारखे हजारो तिथे होते. मग नेलची पाळी आली. जर्मन माणसाशी लग्न केल्याने कायद्याने तीही जर्मन झाली होती. हे तिला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हालाही ठाऊक नव्हतं. किनाऱ्यावर राहायचा तिचा परवाना रद्द झाला.

“माझ्या बापाची बोट अजून बंदरात उभी आहे,” ती मला म्हणाली, “आणि मी म्हणे परकी.”

ऑब्रे तिच्यासाठी पोलिसांच्या मोठ्या अधिकाऱ्याकडे गेला. त्याने खुर्ची दिली, सिगार पुढे केला, आणि आपल्या बायकोने ती कादंबरी वाचल्यापासून खिडक्यांचे पडदे बारा महिने लावून ठेवल्याचं कौतुकाने सांगितलं. तुमच्यासारख्या माणसाच्या मनाचा मोठेपणा आपण समजू शकतो, असंही म्हणाला. नेलला आठवड्याच्या आत गाव सोडावं लागलं. ती किनाऱ्यापासून आत, स्टोमार्केटला गेली आणि लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरू लागली.

मग ऑब्रे लंडनला गेला. मी सोबत होते. साप्ताहिकात चार ओळी छापा, अशी त्याने स्टोबार्टना विनंती केली: बेकर निर्दोष आहे, कथा काल्पनिक आहे. स्टोबार्टच्या टेबलावर नव्या आवृत्तीचं वेष्टन पडलं होतं. लाल पार्श्वभूमीवर दिवा धरलेला एक हात, आणि कोपराखाली लांब डाग. पुस्तकाचे हक्क ऑब्रेने केव्हाच कायमचे देऊन टाकले होते. ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. स्टोबार्ट रागावले नाहीत. त्यांचाही मुलगा फ्रान्समध्ये खंदकात होता. लोक आधीच घाबरले आहेत, ते म्हणाले, त्यांच्या भीतीला तुम्ही एक चेहरा दिलात. आता तो काढून घेतला, तर भीती काही जाणार नाही. ती दुसरा चेहरा शोधेल. परतीच्या गाडीत ऑब्रे मला म्हणाला की या माणसाचं बोलणं खोटं वाटत नाही, हेच वाईट आहे.

त्या साप्ताहिकासाठी त्याने पुन्हा लिहिलं नाही. नाताळ अंकांसाठी भुतांच्या गोष्टी लिहून आम्ही दिवस काढले. त्याच्या भुतांना कधीच गाव नसे, देश नसे, धंदाही नसे. संपादक तक्रार करायचे की तुमची भुतं फार पुसट असतात. गावात मात्र त्याचा मान वाढला होता. रस्त्यात लोक टोपीला हात लावायचे. तो संध्याकाळचा बंदराकडे फिरायला जाईनासा झाला. बेकरीच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या आणि पाव गाडीने दुसऱ्या गावाहून यायचा. चवीला बरा नव्हता, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे.

ऑब्रेने त्या बेटावर कितीदा तरी पत्रं धाडली. लाउटरबाखने एकालाही उत्तर दिलं नाही. नेल मला लिहायची, तब्येतीचं, हवेचं. नवऱ्याबद्दल एवढंच की तो तिथे छावणीतल्या माणसांसाठी पाव भाजतो आणि पीठ फार वाईट मिळतं.

लढाई संपली तरी त्याला सोडलं नाही. तिथल्या जवळपास सगळ्यांना जर्मनीला धाडायचं ठरलं होतं. ज्यांच्या बायका जन्माने इंग्रज होत्या त्यांना मात्र लंडनमधल्या एका समितीपुढे अर्ज करता येत होता. नेलने अर्ज केला, आणि ऑब्रेने साक्ष द्यायचं ठरवलं. तिने त्याला बोलावलं नव्हतं; पण येऊ नका असंही म्हणाली नाही.

लहानशी खोली, लांब टेबल, पलीकडे तीन वयस्कर गृहस्थ. लाउटरबाख बाकावर बसला होता. केस पूर्ण पांढरे झाले होते आणि कोट खांद्यांवर लोंबत होता. ऑब्रेने नाव सांगताच मधले गृहस्थ, ते अध्यक्ष होते, किंचित पुढे झुकले.

“ती कादंबरी लिहिणारे पेनफोल्ड तुम्हीच का?”

“होय. आणि ती खोटी आहे असं सांगायला आलोय.”

“कादंबरी खोटीच असते, साहेब. पण तुम्ही याच माणसावरून पात्र घेतलं, असं इथे लिहिलंय. मग तुम्हाला त्याच्याबद्दल काहीतरी संशय असणारच.”

“मुळीच नव्हता.”

“मग हाच का निवडलात?”

ऑब्रेने टेबलाच्या कडेवर हात टेकले. मला वाटलं, त्याला खोकल्याची उबळ येणार.

“माझ्या ओळखीचा तेवढा एकच जर्मन होता,” तो म्हणाला. “आणि तो मला आवडायचा. गावालाही आवडायचा. आवडत्या माणसाची भीती वाचणाऱ्याला जास्त वाटते, हे मला धंद्यामुळे कळत होतं. त्याने पोरांच्या हातावर बन ठेवले की मी ते लिहून घ्यायचो, कारण पुढे तोच गाव जाळतो म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येणार होता. वाईट माणूस घेतला असता तर पुस्तक पडलं असतं.”

अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. एखाद्या आवडत्या जादूगाराने हातचलाखी उघड करून दाखवावी तसा. त्यांनी आणखी दोन-चार प्रश्न नेलला विचारले आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. थोड्या वेळाने कारकून आला. अर्ज मंजूर झाला होता. नेलने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं वळेनात.

लाउटरबाख बाहेर आला तेव्हा ऑब्रे उठून उभा राहिला. त्याने हात पुढे केला नाही. करू की नको, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. लाउटरबाख त्याच्यासमोर थांबला.

“आज तुम्ही खरं बोललात,” तो म्हणाला. “सगळ्यांत वाईट मला तेच ऐकताना वाटलं.”

मग त्याने नेलचा हात धरला आणि दोघं जिना उतरून गेले.

ऑर्फ्लीटला ते परतले नाहीत. स्टोमार्केटला एका विधवेच्या बेकरीत तो कामाला लागला. ती म्हातारी झाल्यावर दुकान त्यानेच चालवायला घेतलं. नेलची पत्रं मला येत राहिली, पण त्यांत ऑब्रेचं नाव नसायचं. दोनेक वर्षांनी एका पत्राच्या शेवटी तिने लिहिलं की येत्या रविवारी दुपारी दोघंही चहाला या, कोनराडनेच सांगितलंय.

ऑब्रे सकाळपासून छाती दुखते म्हणत होता. मी त्याला गाडीत बसवलं.

दुकानामागच्या खोलीत चहा मांडला होता. हवापाण्याच्या गप्पा संपल्या. मग लाउटरबाख बोलू लागला, सावकाश, चमच्याकडे बघत.

“छावणीत तुमचं पुस्तक होतं. कोणीतरी भेट दिलेल्या खोक्यातून आलेलं. बरोबरच्या पोरांना कळलं की तो बेकर मी, तेव्हा हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. मग म्हणाले, वाचून दाखव. संध्याकाळी जेवणानंतर थोडं थोडं वाचायचो. पन्नास-साठ माणसं, सगळे जर्मन, तारेच्या आत. आणि सांगू? तो पहारेकरी जिना चढून वर येतो ना, तेव्हा कोणी श्वास घेईना. पकडला एकदाचा, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. तो सुटावा असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही.” त्याने चमचा खाली ठेवला. “इतकं चांगलं लिहिलंत तुम्ही.”

ऑब्रेने मान खाली घातली.

“आता एक लिहा,” लाउटरबाख म्हणाला, “ज्यात बेकर बेकरच असेल.”

“त्यात घडणार काय?”

“पहाटे उठेल. पाव भाजेल. लोक खातील.”

“कोणी वाचणार नाही ते.”

“मी वाचेन.”

ऑब्रेने ते मनावर घेतलं. इतक्या वर्षांत त्याला लिहिताना असं अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कारस्थानं तो न्याहारीच्या आत रचायचा. इथे एका पानाला महिना लागला. बेकर भट्टी पेटवायचा, पीठ चाळायचा, आणि तिसऱ्या पानावर हमखास दारावर थाप पडायची. कोणीतरी अनोळखी उभा असायचा, किंवा पोत्यात काहीतरी सापडायचं. ऑब्रे ते खोडायचा आणि पुन्हा लिहायला बसायचा. हाताला सवयच तशी लागली होती. मी टाइप केलेली पानं फाडायची वेळ इतकी वारंवार आली की शेवटी तो पेन्सिल सोडून शाईने लिहील तेव्हाच यंत्रावर बसायचं मी ठरवलं.

महिन्यातून एका रविवारी आम्ही स्टोमार्केटला जायचो आणि जेवढं झालं असेल तेवढं तो वाचून दाखवायचा. लाउटरबाखने त्याला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. हातात हात घेताना मी त्यांना पाहिलं नाही. पण ऑब्रेसाठी खुर्ची शेकोटीजवळ ठेवलेली असायची.

एका दुपारी ऑब्रे वाचत होता. बेकर पहिली खेप भट्टीतून काढून ओट्यावर मांडतो, बाहेर उजाडतंय, एक बाई टोपली घेऊन येते आणि काल काय झालं ते सांगत बसते. दारावर थाप नव्हती, पोत्यात काही नव्हतं. मी पाहिलं तर लाउटरबाखची हनुवटी छातीवर टेकली होती. आयुष्यभर पहाटे उठणारा माणूस, दुपारी गरम खोलीत त्याला झोप लागायचीच. ऑब्रे थांबला.

“वाचा हो,” नेल हळूच म्हणाली. “आवाज थांबला की जागा होईल तो.”

ऑब्रेने आवाज उतरवला आणि पान संपेपर्यंत वाचलं. मग चष्मा काढला.

“पुढे?” नेलने विचारलं.

“पुढे ती बाई पाव घेऊन घरी जाते,” ऑब्रे म्हणाला. “तेवढंच झालंय अजून.”

नेलने मान डोलावली आणि उठून शेकोटीत कोळसा घातला.